चोवीस हजारांची मनसब

सिंदखेडराजाला येणारा माणूस आधी राजवाड्याच्या दरवाज्यातून आत जातो. जिजाऊसाहेबांचा जन्म झाला ती जागा पाहतो, मग मोती तलावाच्या काठाने एक फेरी मारतो, आणि उन्हे उतरायला अवकाश असेल तर लखुजी जाधवरावांच्या समाधीकडे वळतो. समाधी भव्य आहे, घडीव दगडाची आहे. तिच्यात उभे राहिले म्हणजे बाहेरच्या रस्त्याचा आवाज एकदम दूर गेल्यासारखा वाटतो. जिच्यामुळे हे गाव महाराष्ट्राला वंद्य झाले त्या मातेचा हा पिता. परंतु आज मला त्याच्याविषयी लिहायचे आहे ते या नात्याने नव्हे. आपल्या काळात दक्षिणेतला सर्वांत महाग माणूस कोण, असे कोणी विचारले असते तर बोट ज्याच्याकडे गेले असते, त्या लखुजीरावांविषयी मला लिहायचे आहे.

‘महाग’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. २००८ साली मुंबईत क्रिकेटपटूंचा पहिला लिलाव झाला आणि चेन्नईच्या संघाने धोनीसाठी १५ लाख डॉलर मोजले, तेव्हा आपल्यातल्या अनेक वडीलधाऱ्यांना माणसांचा लिलाव या कल्पनेनेच कसेसे झाले. आता त्याचे कोणाला काही वाटत नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात लखनौने ऋषभ पंतसाठी २७ कोटी रुपये दिले; पुढच्या मोसमात तो संघ पहिल्या चारांतही आला नाही. अमेरिकेत बेसबॉल नावाचा आपल्या क्रिकेटचा चुलतभाऊ आहे. तिथे न्यूयॉर्कच्या मेट्स संघाने त्याच सुमारास हुआन सोटो या एका खेळाडूशी १५ वर्षांसाठी साडेशहात्तर कोटी डॉलरचा करार केला, आणि २०२५ साली त्यांनाही बाद फेरी गाठता आली नाही. उलट कोलकात्याने पावणेपंचवीस कोटींना घेतलेल्या स्टार्कने २०२४ चा अंतिम सामना जिंकून दिला. मग ज्याची थैली मोठी त्याने दुसऱ्याचे मोहरे विकत घ्यावेत की घेऊ नयेत? हा वाद ऐकताना मला हटकून सिंदखेड आठवते. कारण वऱ्हाडच्या या काळ्या मातीत तो वाद चारशे वर्षांपूर्वी झाला, आणि त्यात पणाला लागले होते ते चषक नव्हते.

सतराव्या शतकाच्या आरंभी या बाजारात गिऱ्हाइके होती तीन. एक मोगल, त्यांच्या खजिन्याला तळ नाही अशी समजूत. दुसरी विजापूरची आदिलशाही, बऱ्यापैकी सधन. आणि तिसरी अहमदनगरची निजामशाही. राजधानी १६०० सालीच मोगलांच्या हाती गेलेली, सुलतान नावाचा, आणि सारा कारभार मलिक अंबर या हबशी वजिराच्या शिरावर. या अंबराला लहानपणीच गुलाम म्हणून विकले गेले होते. दक्षिणेत त्याला विकत घेतले ते निजामशाहीच्या चंगीझखान नावाच्या पेशव्याने. म्हणजे त्या काळातला सर्वांत फलदायी सौदा कोणी केला असेल तर तो चंगीझखानाने. आणि तो केला तेव्हा अंबर हे नाव कोणालाही ठाऊक नव्हते.

जाधवराव निजामशाहीचे मोठे सरदार. ‘सरदार फुटला’ असे आपण सहज म्हणून जातो. पण फुटणे म्हणजे काय ते नीट समजून घेतले पाहिजे. दक्षिणेतल्या मोठ्या सरदाराची फौज त्याची स्वतःची असे. घोडे त्याचे, बारगीर त्याचे, शिलेदार त्याच्या भाऊबंदांतले आणि त्याच्याच शब्दावर आलेले. राज्य त्याला मुलूख लावून देई आणि त्या मुलखाच्या वसुलावर तो फौज पोशी. तेव्हा असा माणूस एका गोटातून उठून दुसऱ्या गोटात गेला की त्याच्याबरोबर हजारो घोडी जात, वाटा जाणणारे जासूद जात, गावोगावच्या पाटील-देशमुखांशी असलेली सोयरीक जात असे. क्रिकेटचा कर्णधार गेला तर अकरांतला एक जातो. इथे एका माणसाबरोबर अर्धा संघ चालू लागे.

१६१५ च्या अखेरीस हेच झाले. मलिक अंबराशी बिनसलेले काही हबशी आणि मराठे सरदार मोगलांच्या गोटात आले. त्यांत जाधवराव होते. मोगलांचा सेनापती शाहनवाजखान, म्हणजे खानखानान अब्दुर्रहीमचा मुलगा, त्या वेळी बाळापूरला होता. सिंदखेडहून बाळापूर काही फार दूर नव्हे. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात हा प्रसंग समाधानाने नोंदवला आहे: आलेल्यांना ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणे हत्ती, घोडे, वस्त्रे, रोकड दिली. यादी वाचताना दिवाळीच्या खरेदीची आठवण व्हावी इतकी ती सरळ आहे. मग या नव्या माणसांना बरोबर घेऊन शाहनवाज बाळापुराहून निघाला आणि १६१६ च्या फेब्रुवारीत जालन्याजवळच्या रोषणगावी त्याने अंबराचा मोड केला. अंबराची खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, मोगलांनी जाळली.

सौदा फळला, असे कोणीही म्हणेल. पण खडकी जाळून मोगल परत फिरले आणि अंबर पुन्हा उभा राहिला. १६१७ साली शाहजादा खुर्रमने त्याच्याकडून बालाघाटाचा मुलूख घेतला, तो त्याने १६२० मध्ये परत मिळवला. खुर्रम पुन्हा दक्षिणेत उतरला आणि १६२१ साली जाधवरावांशी व्यवहार पुरता पक्का झाला. मोगल इतिहासकार सांगतात की त्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना, भाऊबंदांना मिळून २४,००० जात आणि १५,००० स्वार एवढी मनसब दिली गेली. हा आकडा घराण्याचा आहे, एकट्या माणसाचा नव्हे. ‘जात’ म्हणजे दरबारातील दर्जा आणि त्यावर ठरणारे वेतन. ‘स्वार’ म्हणजे पोसायची घोडेस्वारांची संख्या. राजघराण्याबाहेरच्या उमरावाने सात हजारी होणे ही त्या काळी प्रतिष्ठेची कमाल. त्या मानाने सिंदखेडच्या घराण्यावर मोगलांनी काय ओतले याची कल्पना यावी.

आणि तीन वर्षांनी भातवडी झाली.

अहमदनगरापासून जवळच भातवडी गाव आहे, तिथे मोठा तलाव होता. १६२४ साली मोगल आणि विजापूरकर या दोघांच्या एकत्र फौजा अंबरावर चालून आल्या. मोगलांच्या बाजूला जाधवराव होतेच. पैसा, माणसे, तोफा, काहीच कमी नव्हते. अंबराने तलाव फोडून वाटा चिखलात घातल्या, रसद तोडली, रात्रीचे छापे घातले. उपाशी विजापुरी शिपाई टोळ्या करून त्याच्याकडे येऊ लागले. शेवटच्या घावात विजापूरचा मुल्ला महंमद लारी पडला, मोगलांचे मोठमोठे सरदार कैद झाले, आणि आमचे चोवीस हजारी जाधवराव निसटले. विरुद्ध बाजूला अंबराच्या फौजेत त्यांचा जावई शहाजी भोसले लढत होता. शहाजीचा भाऊ शरीफजी याच लढाईत कामी आला.

जाधवराव तेच, त्यांचे घोडेस्वार तेच. मग १६१६ साली जे जमले ते १६२४ साली का जमले नाही? रोषणगावला शाहनवाज स्वतः पुढे होता आणि फुटून आलेल्यांची ताजी माहिती त्याने लगेच कामाला लावली. भातवडीला दोन राज्यांच्या फौजा होत्या, सेनापती अनेक होते, आणि अंबराने चिखल केल्यावर या गोंधळात एका सरदाराच्या स्थानिक ज्ञानाला काही मोल उरले नाही. मला तर असे वाटते की मोगलांनी जाधवरावांचे कसब विकत घेतलेच नव्हते. त्यांनी घेतली ती अंबराकडची उणीव. आपल्याकडे काय वाढले यापेक्षा त्याच्याकडून काय गेले याचेच दाम त्यांनी मोजले. श्रीमंताला असा खर्च परवडतो, आणि केवळ तेवढ्यासाठी केला तर तो अगदीच वेडेपणाचाही नसतो. फसगत होते ती, शत्रूची वजाबाकी झाली म्हणून आपली बेरीज झाली असे मानल्यावर.

अंबराचीही आरती ओवाळायला नको. ज्या शहाजीने भातवडी गाजवली तो पुढच्याच वर्षी अंबरावर रुसून विजापूरकरांकडे गेला. घडवलेला माणूस तरी टिकतोच असे नाही.

१६२६ साली अंबर वारला आणि निजामशाहीच्या किल्ल्या दुबळ्या, संशयी हातांत गेल्या. जाधवराव मोगलांना सोडून पुन्हा आपल्या जुन्या दरबारी आले. का आले याची कारणे नाना लोक नाना सांगतात. पण नव्या घरी मान मिळूनही जुन्या घराची ओढ सुटत नाही, हे समजायला इतिहासकारच असावे लागते असे नाही. दरबाराला मात्र ही ओढ दिसली नाही. दिसली ती फक्त मागची फितुरी. १६२९ च्या जुलैत दौलताबादच्या किल्ल्यात त्यांना भेटीला बोलावले. लखुजीराव आत गेले, बरोबर अचलोजी आणि राघोजी हे पुत्र आणि नातू यशवंतराव. ठरल्याप्रमाणे मारेकरी तुटून पडले. चौघेही तिथेच पडले.

सिंदखेडच्या घरावर त्या दिवशी काय कोसळले असेल! लखुजीरावांची पत्नी उरलेल्या माणसांना घेऊन सिंदखेडला परतली, आणि राहिलेले जाधव, त्यांचे बंधू जगदेवराव धरून, पुन्हा मोगलांच्या चाकरीत गेले. जाधवरावांची लेक तेव्हा सासरी होती. सात महिन्यांनी शिवनेरीवर शिवाजी जन्मला. शहाजीही सासऱ्याच्या खुनानंतर निजामशहाशी फटकून मोगलांना मिळाला. त्याला पंचहजारी मनसब आणि दोन लाख रुपये मिळाले. म्हणजे चोवीस हजारांनी जे साधले नव्हते ते निजामशहाने एका दुपारी मोगलांच्या पदरात घातले. १६३३ साली दौलताबाद पडले, १६३६ साली निजामशाही संपली. एवढे होऊनही शहाजी मोगलांकडे टिकला नाही. त्याला दिलेला मुलूख बादशहाने अंबराचा मुलगा फत्तेखान याला देऊ केला, आणि १६३२ सालीच तो उठून गेला. माणूस घेताना ज्यांचा हात सैल, त्यांचा राखताना असा आखडे.

या साऱ्याचा हिशेब लखुजीरावांच्या नातवाने मनात पक्का केला असावा. सभासदाने शिवाजी महाराजांच्या फौजेची जी रचना सांगितली आहे ती पाहा: सरकारी पागा, सरकारी घोडा, पगार रोख किंवा वरातेने, आणि सरदाराला मोकासा म्हणून गाव लावून द्यायचे नाही. माणूस गेला तर एकटा जाईल, घोडा राहील. १६६६ साली याची परीक्षा झाली. सरनौबत नेताजी पालकर विजापूरकरांकडे गेला, तेथून मिर्झाराजा जयसिंगाने त्याला पंचहजारी मनसब, चांगली जहागीर आणि ३८,००० रुपये रोख देऊन उचलला. महाराजांचा उजवा हातच मोगलांनी विकत घेतला, पण त्याच्याबरोबर स्वराज्याची पागा गेली नाही. सरनौबती प्रतापराव गुजरांकडे आली आणि काम चालू राहिले. महाराज आग्र्याहून निसटताच मोगलांनी त्याच नेताजीला कैद केले, बाटवले, महंमद कुलीखान नाव देऊन काबूलकडे पाठवले. १६७६ साली तो परत आला आणि महाराजांनी त्याला पदरी घेतले.

औरंगजेबाने तर पुढे ठोक खरेदीच मांडली. त्याच्या कारकिर्दीच्या पहिल्या वीस वर्षांत एक हजारी व त्यावरच्या मनसबदारांत मराठे होते २७. १६७९ ते १७०७ या काळात झाले ९६. मनसब देणे म्हणजे कागदावर सही करणे. जहागिरीला मात्र जमीन लागते. ती पुरेना. जुने खानदानी मनसबदार वर्षानुवर्षे जहागिरीची वाट पाहत बसले, आणि नवे आलेले रोकड संपताच परत राजाराममहाराजांच्या किंवा ताराबाईसाहेबांच्या सरदारांत दिसू लागले. इकडे मराठ्यांनाही त्या चढाओढीत वतने-सरंजामे कबूल करावी लागली. शिवाजी महाराजांनी मोडलेली वहिवाट अशी मागच्या दाराने पुन्हा घरात शिरली.

सिंदखेडने हा खेळ आणखी एकदा पाहिला. लखुजीरावांच्याच वंशातला चंद्रसेन जाधव १७११ साली शाहू महाराजांचा पक्ष सोडून गेला आणि पुढे निजामाकडे भालकीची जहागीर घेऊन राहिला. त्याचा मुलगा रामचंद्र जाधव. १७५७ च्या डिसेंबरात पेशव्यांच्या फौजेने त्याला सिंदखेडला वेढले, तेव्हा निजामअली त्याच्या मदतीला धावला. त्याच्या पदरी इब्राहिमखान गारदी होता. बुसीच्या कवायतीत तयार झालेला हा माणूस दोनच वर्षांत सदाशिवरावभाऊंनी आपल्याकडे घेतला. पानिपताच्या वाटेवर जुने सरदार त्याच्यावर जळत. गारद्यांचा पगार रोख आणि वेळच्या वेळी, आमची बाकी मात्र थकलेली, ही त्यांची तक्रार होती, आणि ती खोटी नव्हती. १४ जानेवारी १७६१ ला हाच विकत घेतलेला माणूस डाव्या बगलेला रोहिल्यांना भिडला, आपली बहुतेक पलटणे कापली जाईपर्यंत हटला नाही, कैद झाला आणि मारला गेला.

त्याच वर्षाच्या अखेरीस निजामअली पुण्यावर चालून निघाला. वाटेत त्याच्या फौजेने गोदाकाठची टोक्याची देवळे मोडली, आणि रामचंद्र जाधव त्याचा तळ सोडून पेशव्यांकडे आला.