निवडीचे स्वातंत्र्य आणि पदवीचा अभ्यासक्रम

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील महाविद्यालयात दाखल झालेल्या विद्यार्थ्याला कोणते विषय घ्यावेत हा प्रश्नच पडत नसे. ग्रीक, लॅटिन, गणित, थोडे नैसर्गिक तत्त्वज्ञान, म्हणजे आजचे भौतिकशास्त्र, आणि शेवटच्या वर्षी बहुधा खुद्द अध्यक्षांनीच शिकवलेले नीतिशास्त्र, असा क्रम सर्वांना सारखाच ठरवून दिलेला असे. या क्रमाचे सर्वांत भक्कम समर्थन येल महाविद्यालयाच्या १८२८ च्या अहवालात आढळते. मनाला शिस्त लावणे हे पदवी-शिक्षणाचे पहिले काम, माहिती देणे हे त्यानंतरचे, आणि त्या शिस्तीसाठी अभिजात भाषांना पर्याय नाही, अशी त्याची भूमिका होती. ती आज जुनाट वाटते. परंतु प्रत्येक पदवीधराला काय आले पाहिजे, याचे स्पष्ट उत्तर तिच्यापाशी होते आणि पुढच्या अनेक सुधारणांपाशी ते नव्हते.

१८६९ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झालेले चार्ल्स एलियट हे रसायनशास्त्राचे अध्यापक होते. निसर्गविज्ञाने, आधुनिक भाषा आणि अर्थशास्त्र यांचा विस्तार इतका झाला होता की चार वर्षांच्या एका ठरीव चौकटीत ते सर्व बसवणे अशक्य होते, आणि यावर एलियट यांनी शोधलेला उपाय म्हणजे विद्यार्थ्याने आपले विषय आपणच निवडावेत अशी ऐच्छिक विषयांची पद्धत. प्रिन्स्टनचे अध्यक्ष जेम्स मॅकॉश यांनी १८८५ मध्ये न्यूयॉर्क येथील जाहीर वादात या पद्धतीवर कडाडून टीका केली, तरी ती थांबली नाही. १८९७ पर्यंत हार्वर्डमध्ये पहिल्या वर्षाच्या इंग्रजी लेखनाखेरीज जवळजवळ काहीही सक्तीचे उरले नव्हते. या पद्धतीचा लाभ विद्यार्थ्यांइतकाच अध्यापकांनाही झाला, कारण स्वेच्छेने आलेल्या विद्यार्थ्यांपुढे आपल्या संशोधनाचा विषय मांडण्याची मोकळीक त्यांना मिळाली, आणि अमेरिकन महाविद्यालयाचे संशोधन करणाऱ्या विद्यापीठात रूपांतर होण्यास या मोकळिकीने मोठा हातभार लावला.

मात्र अनेक विद्यार्थी सोपे, प्राथमिक आणि परस्परांशी संबंध नसलेले विषय गोळा करून पदवी मिळवू लागले. एलियट यांच्यानंतर १९०९ मध्ये आलेले लॉरेन्स लोवेल यांनी म्हणूनच दुहेरी नियम केला: काही विषय एकाच क्षेत्रात घेऊन त्यात खोली गाठायची आणि काही विषय इतर ज्ञानक्षेत्रांत विभागून घ्यायचे. आजच्या बहुतेक ‘लवचीक’ अभ्यासक्रमांचा सांगाडा हाच आहे. त्यात एक उणीव राहून गेली: इतर क्षेत्रांतले विषय त्या त्या विभागाने आपल्या भावी तज्ज्ञांसाठी आखलेले असत, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला रसायनशास्त्रातले नेमके काय कळावे, याचा विचार कोणी केलेला नसे.

तो विचार कोलंबिया विद्यापीठात झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्करी प्रशिक्षणार्थींसाठी चालवलेल्या युद्धविषयक पाठांतून १९१९ मध्ये ‘समकालीन संस्कृती’ हा पहिल्या वर्षाला सर्वांसाठी सक्तीचा अभ्यास आकाराला आला, आणि इतिहास, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र व राज्यशास्त्र या विभागांचे अध्यापक तो लहान गटांत चर्चेच्या पद्धतीने शिकवू लागले. कोणत्याही व्यवसायाची तयारी म्हणून नव्हे, तर सुजाण नागरिकाची गरज म्हणून सर्वांना द्यावयाचे जे शिक्षण, त्यालाच पुढे ‘सामान्य शिक्षण’ म्हटले जाऊ लागले. हार्वर्डच्या १९४५ च्या समितीने पदवीच्या सोळा अभ्यासांपैकी सहा अशा शिक्षणासाठी राखावेत असे सुचवले.

ही कल्पना भारतात आली ती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाच्या (१९४८-४९) अहवालातून. आयोगाच्या सदस्यांत ऑर्थर मॉर्गन आणि जॉन टायगर्ट हे अमेरिकन शिक्षणतज्ज्ञही होते. तिची मुळे भारतात अगदीच नव्हती असे नाही, कारण १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर झालेले रानडे आणि भांडारकर यांनाही भाषा, इतिहास, गणित व तर्कशास्त्र असे मिश्र अध्ययन करावे लागले होते. तरीही आयोगाची शिफारस येथे फारशी रुजली नाही. याचे कारण विद्यार्थ्यांच्या अनास्थेत शोधले जाते, पण ते खरे संलग्नतेच्या रचनेत आहे: अभ्यासक्रम ठरवते अभ्यास मंडळ, शिकवते महाविद्यालय आणि परीक्षा घेते विद्यापीठ. कोलंबियाचा प्रयोग टिकला, तो ही तिन्ही कामे एकाच अध्यापकवर्गाच्या हाती असल्यामुळे; येथे सामान्य शिक्षणाची गत आणखी एका प्रश्नपत्रिकेची झाली, आणि ती शिकवण्याची जबाबदारी कोणत्याच विभागाने आपली मानली नाही.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने हा विषय पुन्हा पुढे आणला असून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात त्याला श्रेयांकांची, म्हणजे अध्ययनाचा भार मोजणाऱ्या एककांची, भाषा मिळाली आहे. त्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक लागतात. त्यांपैकी ६० मुख्य विषयाला, २४ दुय्यम विषयाला आणि ९ बहुविद्याशाखीय अभ्यासांना देण्यात आले आहेत.