चुकलेला खेळ: जव्हार-मोखाड्यातील पाहण्याच्या वेळांचा इतिहास

पालघर जिल्ह्याच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या उतरणीवर पसरलेल्या जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत करमणुकीच्या पाहण्याला पूर्वापार दोन बंधने होती: ते ठरलेल्या रात्री होई आणि ठरलेल्या जागी होई. दूरचित्रवाहिन्या मोबाइलवर दाखवणारी आणि चुकलेला कार्यक्रम मागाहून पाहू देणारी ॲप या मुलखात आली तेव्हा पहिले बंधन जवळजवळ सुटले, पण दुसरे निराळ्या रूपाने अधिकच घट्ट झाले. हा फेरफार नीट समजून घ्यायचा तर सुरुवात बोहाड्यापासून करावी लागते.

बोहाडा, म्हणजेच भोवाडा, हा उन्हाळ्याच्या दिवसांत रात्रभर चालणारा मुखवट्यांचा उत्सव होय. मुकणे घराण्याचे जव्हार संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले, त्याच्या कितीतरी आधीपासून येथील महादेव कोळी, वारली, कोकणा, ठाकर या समाजांत तो चालत आला आहे. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे जड मुखवटे तोंडावर बांधून 'सोंगे' टेंभ्यांच्या उजेडात, संबळ आणि पिपाणीच्या तालावर नाचत पुढे सरकतात. आरंभी गणपती आणि शारदा येतात, मध्यरात्री राम-रावणादी पात्रे येऊन जातात आणि उजाडता उजाडता देवी व महिषासुर यांचे युद्ध होते. ज्याला पहाटे डुलकी लागली त्याचे युद्ध हुकले, आणि हुकलेले युद्ध पाहायला पुढचे वर्ष उजाडावे लागे. थाळगानाचीही गत फारशी वेगळी नव्हती. या प्रकारात काशाच्या थाळीच्या मध्यभागी मेणाने एक काडी उभी चिकटवतात आणि ती बोटांच्या चिमटीतून वरून खाली ओढत, थाळीतून निघणाऱ्या घुमत्या सुरावर कथा गातात. अशा रात्री कथेचा जो भाग चुकला तो दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर कुणाला तरी विचारून घेणे, एवढीच मागाहून ऐकण्याची सोय होती.

बाहेरून येणाऱ्या कार्यक्रमांनी वेळेचे बंधन सैल केले नाही. वेळ ठरवणारा तेवढा बदलला. आकाशवाणीच्या पुणे केंद्राने १९५६ मध्ये मराठी भाषक पाच जिल्ह्यांतील १५० गावांत 'रेडिओ ग्रामसभां'चा प्रयोग केला, त्यात गावकऱ्यांनी आठवड्यातून दोनदा एकत्र बसून तासाच्या ठोक्याला कार्यक्रम ऐकायचा आणि मग त्यावर चर्चा करायची, अशी रचना होती. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याचे चित्रपटगीतांचे 'छायागीत' गुरुवारचे, आणि पुढच्या आठवड्यात काय दिसणार हे सांगणारी 'साप्ताहिकी' रविवारची. म्हणजे आठवड्याचे वारच वाहिनीने वाटून घेतले होते. दूरचित्रवाणीच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात आणि मधे डोंगर आला की पलीकडे त्यांची सावली पडते. त्यामुळे मनोऱ्यापासून दूर, डोंगराच्या आडोशाला असलेल्या घरांना उंच बांबूवर ॲन्टेना बांधून तो हाताने फिरवत बसावे लागे, आणि तरीही पडद्यावर माणसांपेक्षा 'मुंग्या'च अधिक दिसत. १९८३ मध्ये सोडलेल्या इन्सॅट-१बी या उपग्रहामुळे आणि त्यानंतर देशभर झपाट्याने उभारलेल्या लघुशक्ती प्रक्षेपकांमुळे चित्र बऱ्याच दूरवर पोचू लागले. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झाले आणि जे राम-रावण बोहाड्यात वर्षातून एकदा मध्यरात्री येत, ते दर आठवड्याला दिवसाढवळ्या येऊ लागले. ज्याच्या घरी संच असे त्याच्या ओटीवर ही गर्दी जमे. जागा बदलली होती, जमणे तेच होते.

घराच्या कौलांवर किंवा अंगणातल्या खांबावर बसलेली 'छत्री', म्हणजे उपग्रहाकडून थेट चित्र घेणारी थाळी, हा यापुढचा टप्पा. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' ही सेवा सुरू केली, तिला पुढे 'फ्री डिश' हे नाव मिळाले. छत्रीचा खर्च एकदाच करायचा आणि दरमहा काही भरायचे नाही, ही तिची योजना हातावर पोट असणाऱ्या मुलखाला सोयीची होती. उपग्रह डोक्यावरून पाहत असल्याने डोंगराची अडचणही बव्हंशी मिटली. एव्हाना खासगी मराठी वाहिन्यांवर रोजच्या मालिका स्थिरावल्या होत्या आणि रात्री चुकलेला भाग दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा दाखवण्याची रीत पडली होती. हे पुनःप्रक्षेपण म्हणजे मागाहून पाहण्याची पहिली सार्वजनिक सोय म्हणावी लागेल, मात्र तिचीही वेळ वाहिनीच ठरवी, आणि त्या काळच्या भारनियमनात ग्रामीण भागातली वीज कित्येकदा नेमकी त्याच तासाला गेलेली असे.

सर्वांत मोठी अडचण मात्र विजेची नव्हती. भातकापणी आणि दिवाळी उरकली की येथील असंख्य कुटुंबे वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. या स्थलांतराला स्थानिक बोलीत 'जगायला जाणे' असा शब्द आहे, आणि त्यापुढे वेगळे स्पष्टीकरण लागू नये. छत्री आणि संच घरी कुलपात राहत. भट्टीवरच्या झोपडीत सहा महिने त्यांचा उपयोग नसे.

मोबाइल मात्र माणसाबरोबर जगायला जाऊ शकत होता. वाहिन्या मोबाइलवर पाहण्याची ॲप देशात आधीपासून होती. 'डिट्टो टीव्ही' २०१२ मधले, 'हॉटस्टार' २०१५ मधले. पण एक जीबी डेटाला अडीचशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत असताना ती शहरातल्या पगारदारांपुरतीच उरली. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ या मोबाइल कंपनीची सेवा सुरू झाली आणि डेटाचे भाव कोसळले. पुढच्या वर्षी दीड हजार रुपयांच्या परतीच्या अनामतीवर मिळणारा जिओफोन आला आणि बटणांच्या साध्या फोनवरही जिओचे टीव्हीचे ॲप चालू लागले. या ॲपमध्ये बहुतेक वाहिन्यांचे मागच्या सात दिवसांचे कार्यक्रम पुन्हा पाहता येत. त्यामागची यंत्रणा सांगायला सोपी आहे. चालू प्रक्षेपण काही सेकंदांच्या लहान लहान तुकड्यांत कापून दूरच्या संगणकात, म्हणजे सर्व्हरवर, साठवले जाते; प्रेक्षक जुना भाग निवडतो तेव्हा तेच तुकडे क्रमाने त्याच्या फोनकडे धाडले जातात, आणि मुदत संपली की ते यादीतून काढले जातात. प्रत्येक तुकडा कमी-अधिक स्पष्टतेच्या अनेक प्रतींत तयार असतो. जोडणी क्षीण झाली की ॲप धूसर प्रत मागवते आणि तीही वेळेवर पोचली नाही तर पडद्यावर वर्तुळ फिरू लागते.

हे फिरणारे वर्तुळ जव्हार-मोखाड्यात विशेष परिचयाचे आहे. मोबाइलच्या मनोऱ्यापुढची अडचण जुन्या ॲन्टेनापुढची, म्हणजे डोंगराचीच, आहे. आणि विरळ पाडे असलेल्या दरीत मनोरा उभारणे कंपनीच्या हिशेबात बसत नाही. म्हणून 'रेंज' हा शब्द येथे जमिनीच्या तुकड्यांना लागू झाला: अमुक टेकाडावर रेंज आहे, तमुक झाडाखाली एक दांडी येते. टाळेबंदीच्या काळात शाळेची शिकवणी याच टेकाडांवर चढली. २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवायला घेतले तेव्हा छत्रीवाल्या घरांत ते विनासायास दिसले, फोनवाल्यांना चढण चढावी लागली. कार्यक्रम कधीही पाहता येतो, पण कुठेही पाहता येत नाही, अशी उलटी स्थिती झाली. येथे एक विसंगती नोंदवण्याजोगी आहे. मोखाड्यातील कोचाळे येथे वैतरणेवर सुमारे १०२ मीटर उंचीचे मध्य वैतरणा धरण बांधून त्याचे पाणी मुंबईला नेले आहे आणि ते अखंड वाहते, तर मुंबईच्या मालिका उलट दिशेने या डोंगरांत येताना अडखळतात.

प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातील चित्रपट महोत्सवात 'वेव्हज' हे आपले ॲप आणले, त्यात मराठीचाही समावेश आहे. त्यामुळे एके काळी साप्ताहिकीवर चालणारी संस्था आता स्वतःच वेळेची अट सोडून बसली आहे. बोहाडा मात्र या ॲपांच्या सात दिवसांच्या यादीत येत नाही, कारण तो रात्रभर थेट दाखवावा असे कुठल्या वाहिनीला वाटलेले नाही. ती उणीव गावातली पोरेच आपल्या फोनने भरून काढतात. होळीला बरीच माणसे भट्टीवरून घरी येतात, पण ज्यांची उचल फिटलेली नसते, म्हणजे मालकाकडून आगाऊ घेतलेली रक्कम कामातून वळती व्हायची असते, त्यांना बोहाड्यापर्यंत थांबता येत नाही. अशांसाठी सोंगांची चार-पाच मिनिटांची चित्रणे व्हॉट्सॲपवरून खाली वसई-भिवंडीकडे जातात, आणि विटा थापून झाल्यावर संध्याकाळी ती पाहताना नजर मुखवट्यावर जितकी असते, तितकीच मागे टेंभ्याच्या उजेडात उभ्या असलेल्या गर्दीत आपले कोण कोण आले आहे, याच्या शोधात असते.