कोड, कुष्ठ आणि विरुद्धाहार

त्वचेवरील पांढऱ्या डागांच्या विकारास मराठीत ‘कोड’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘कुष्ठ’ शब्दाचेच प्राकृतातून आलेले रूप होय. जंतुजन्य महारोगास आज ‘कुष्ठरोग’ म्हणतात, तेव्हा एकाच शब्दाच्या दोन रूपांनी दोन सर्वस्वी भिन्न व्याधी ओळखल्या जातात. कोड संसर्गजन्य नाही. तरीही कोडाच्या रुग्णास महारोग्याचा कलंक सोसावा लागला, यात या शब्दसंबंधाचा वाटा थोडा नसावा.

प्राचीन वैद्यांना हा भेद ठाऊक नव्हता असे नाही. किलास केवळ त्वचेपुरते असते व स्रवत नाही, असे सुश्रुताने सांगितले आहे. चरकाने मात्र कुष्ठचिकित्सेच्या अध्यायातच किलासाची कारणे देताना असत्य भाषण, कृतघ्नता, देवनिंदा व पूर्वकर्म यांच्या पंक्तीला विरुद्ध अन्न बसविले. पाप आणि पचन एकाच श्लोकात आले, आणि लोकमानसाने दोन्ही जपून ठेवली. मासे व दूध एकत्र सेवन केल्यास कोड उठते, ही समजूत त्याच परंपरेतील आहे. मुंबईच्या उपनगरांत तिला विशेष निमित्त मिळावे असाच योग आहे. अंधेरीलगतच्या वेसाव्याची मासळी प्रसिद्ध, आणि शेजारच्या गोरेगावात १९४९ साली आरे दुग्ध वसाहत स्थापन झाली!

या समजुतीस शास्त्राधार नाही. तथापि डागाचे मूळ शरीराच्या अंतर्व्यापारात शोधण्याची दिशा अगदीच चुकीची म्हणता येणार नाही. थॉमस ॲडिसन या इंग्रज वैद्याने १८५५ साली अधिवृक्क ग्रंथींच्या विकारावरील आपल्या ग्रंथात त्वचेतील रंगबदलाची नोंद केली. काळवंडलेल्या त्वचेबरोबर रंगहीन डागही त्याच्या दृष्टीस पडले होते. कोडात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच रंगपेशींवर उलटते, हे पुढे स्पष्ट झाले. तीच यंत्रणा गलग्रंथीवर अथवा इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशींवरही उलटू शकते. म्हणून कोडाच्या रुग्णांत गलग्रंथीचे विकार व पहिल्या प्रकारचा मधुमेह सामान्यांपेक्षा अधिक आढळतात. स्थूलता, रक्तदाब व रक्तातील मेद यांच्याशी असलेल्या संबंधाबाबत मात्र संशोधकांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. एवढे खरे की, ग्रंथींचे दुखणे कोडाने ‘होत’ नाही आणि कोडही ताटातील पदार्थांनी होत नाही. दोहोंमागे पुष्कळदा एकच आनुवंशिक प्रवृत्ती असते.

कायद्याने हा घोटाळा कधी केला नाही. १८९८ च्या महारोगी कायद्यात कोडास स्थान नव्हते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात असाध्य महारोग हे घटस्फोटाचे कारण होते, कोड नव्हते. महारोगाची ती तरतूदही २०१९ साली रद्द झाली. वधूवरांच्या बोलण्यांत मात्र कायद्याने न लिहिलेले कलम चालू राहिले. त्याविरुद्ध पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी ‘श्वेता असोसिएशन’ उभारली आणि २००६ साली ‘नितळ’ हा मराठी चित्रपट निघाला. त्याची नायिका कोड असलेली, आणि व्यवसायाने डॉक्टर आहे.