पायी पाहिलेलं लिस्बन

आजचा विषय आहे, अनोळखी शहरातून सावकाश, आपलं आपण हिंडणं आणि त्यातून कळणारा इतिहास. एका विद्यार्थ्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला फार उशिरा सापडलं आणि ते पायी हिंडल्यामुळे सापडलं, एवढंच आज सांगायचं आहे.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात जगातल्या दुःखाचा प्रश्न शिकवताना लिस्बनचा भूकंप हमखास येतो. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांच्या सणाचा दिवस. सकाळी साडेनऊच्या सुमारास जमीन हादरली. मग तेजो नदीच्या मुखातून समुद्राच्या लाटा आत शिरल्या. चर्चमधल्या मेणबत्त्यांनी आणि घरातल्या चुलींनी लावलेली आग पाच-सहा दिवस जळत राहिली. हजारो माणसं गेली. व्हॉल्टेअरने त्यावर दीर्घ कविता लिहिली. रूसोने त्याला पत्र लिहून सुनावलं, की एवढी उंच घरं एवढ्या दाटीवाटीने काही निसर्गाने बांधली नव्हती. कोनिग्सबर्ग फारसं कधी न सोडलेल्या कांटने १७५६ साली भूकंपावर तीन लेख लिहिले. हे सगळं आम्ही वर्षानुवर्षं शिकवलं, आणि चांगलं शिकवतो असा आमचा समज होता.

३० सप्टेंबर १९९३ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशीच गणपतीचं विसर्जन झालेलं. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर मातीचं जड माळवद. त्याखाली माणसं झोपेतच गेली. दिवाळीनंतर आम्ही नेहमीप्रमाणे लिस्बन शिकवायला घेतलं. त्या भागातला एक मुलगा वर्गात होता. तो उभा राहिला आणि म्हणाला, “सर, तिथले जे वाचले, ते थंडीत कुठं राहिले?”

आम्हाला माहीत नव्हतं. व्हॉल्टेअर काय म्हणाला ते माहीत होतं, हे नव्हतं. त्याच्या घरची माणसं त्या वेळी पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती, हे आम्हाला नंतर कळलं.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं नवरा-बायको लिस्बनला गेलो. टूर कंपनीबरोबर गेलो असतो तर दोन दिवसांत शहर ‘झालं’ असतं. आम्ही चार आठवड्यांसाठी एक खोली भाड्याने घेतली, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सकाळी खाली उतरून पाव आणायचा, कोपऱ्यावर उभ्या उभ्या ‘बीका’ म्हणजे कडक कॉफीचा छोटा कप घ्यायचा आणि चालायला लागायचं. पाचव्या दिवशी दुकानातल्या बाईंनी न विचारताच दोन कप समोर ठेवले.

पहिली फजिती सांगतो. नकाशात नदीकाठच्या चौकाचं नाव ‘प्रासा दो कोमेर्सियो’, म्हणजे व्यापारचौक. एका आजींना रस्ता विचारला, तर त्या म्हणाल्या ‘तेरेइरो दो पासो’. कोशात पाहिलं, तर अर्थ निघाला राजवाड्याचं पटांगण. आम्ही अर्धा तास राजवाडा शोधत बसलो! तो १७५५ सालीच पडला. चौकाचं नाव सरकारने बदललं, पण लोकांच्या तोंडातला राजवाडा काही गेला नाही. तिथल्या मेट्रो स्टेशनलासुद्धा तेच जुनं नाव आहे.

दुसरी गोष्ट गुडघ्यांनी शिकवली. आल्फामाच्या टेकडीवर वाकड्या गल्ल्या आणि संपता न संपणाऱ्या पायऱ्या. हा भाग भूकंपात बराचसा वाचला. तिथून खाली बायशात उतरलं की एकदम सपाट, सरळ, काटकोनातले रस्ते. एकाचं नाव चांभारांचा, एकाचं सोनारांचा, एकाचं कापडवाल्यांचा. आपल्या पुण्यात तांबट आळी, तसंच. पण आळी हळूहळू वसते, आणि हे रस्ते भूकंपानंतर नकाशावर आखून बसवलेले. पुढे पोंबालचा मार्क्विस झालेल्या मंत्र्याने हे काम करून घेतलं. पाय दुखायचे थांबले, की समजायचं आपण १७५५च्या अलीकडे आलो.

एकदा तिथल्याच एका दुकानाची डागडुजी चालली होती. गिलावा काढलेला, आत भिंतीत लाकडाच्या फुल्याच फुल्या. आम्ही थांबून बघतोय हे पाहून एक कामगार म्हणाला, ‘गायोला’. गायोला म्हणजे पिंजरा. भूकंपात भिंत हलली तरी कोसळू नये म्हणून भिंतीच्या पोटात लाकडी सांगाडा घालायची ही पद्धत त्या वेळी काढली. सैनिकांना जोरजोरात पावलं आपटायला लावून तिची चाचणी घेतली, असं सांगतात. बघा, रूसोने पत्रात मांडलेला मुद्दा गवंडी आणि सुतारांनी भिंतीत मांडला. आम्ही तीस वर्षं फक्त पत्रच शिकवत होतो.

आता त्या मुलाचा प्रश्न. बेलेंचा मठ पाहायला सगळेच जातात. आम्हीही गेलो, आणि वेळ होता म्हणून मागचा चढ चढत आजुदाला पोचलो. तिथे मोठा दगडी राजवाडा आहे. त्याच्या जागी आधी काय होतं ते वाचलं आणि थबकलो. तिथे लाकडाचा आणि कापडाचा राजवाडा होता! भूकंपाच्या सकाळी राजा पहिला जोसे आणि त्याचं कुटुंब बेलेंला होतं, म्हणून वाचलं. पण राजाने इतका धसका घेतला, की १७७७ साली मरेपर्यंत तो पुन्हा दगडी छपराखाली राहायला तयार झाला नाही. लोक त्या लाकडी वाड्याला ‘शाही बराक’ म्हणत. आणि प्रजा? ती शहराबाहेरच्या मोकळ्या जागांवर तंबूंत आणि फळ्यांच्या झोपड्यांत राहिली. राजाला छपराची भीती आणि प्रजेला छप्परच नाही, एवढाच काय तो फरक.

ही माहिती पुस्तकांत नव्हती असं नाही. ती होतीच. आम्ही शोधली नाही, कारण आमच्यासाठी लिस्बन हे उदाहरण होतं, आणि उदाहरणातली माणसं रात्री कुठे झोपतात हे कुणी विचारत नाही. ज्याचं स्वतःचं घर पडलं होतं, त्याने विचारलं. चढ चढून दमल्यावर आम्ही तिथल्या कट्ट्यावर बसलो, तेव्हा तो मुलगा आठवला आणि आम्हाला लाज वाटली.

त्याचा पत्ता आज आमच्याकडे नाही. पन्नाशीच्या आसपास असेल. हे व्याख्यान कदाचित त्याच्या कानावर जाईल, म्हणून उत्तर इथेच देतो: बाळा, ते तंबूत राहिले, फळ्यांच्या खोपटात राहिले. राजासुद्धा तसाच राहिला. तुझा प्रश्न आमच्या अभ्यासक्रमात असायला हवा होता.