दोघांचे एक विवरणपत्र

मंडळी, नवराबायकोची मिळकत एक धरायची की दोन? अमेरिकेत प्राप्तिकराच्या हिशेबात हा प्रश्न फार गाजला. कराचा दर चढता. म्हणून तीच मिळकत दोघांच्या नावे निम्मी निम्मी मांडली, की कर हलका होई. आता वॉशिंग्टनसारख्या काही राज्यांत लग्नानंतरची कमाई कायद्यानेच दोघांची. तिथल्या जोडप्यांना अशी वाटणी मांडता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९३० साली दिला. बाकीच्या राज्यांतले लोक मात्र जादा कर भरीत राहिले! अखेर १९४८ च्या कायद्याने ही सवलत साऱ्या देशाला मिळाली. दोघांनी एकच विवरणपत्र भरावयाचे, बेरजेच्या निम्म्यावर कर काढावयाचा नि तो दुप्पट करावयाचा.

फायदा खरा, पण खाली सह्या दोघांच्या! १९३८ च्या कायद्याप्रमाणे संयुक्त विवरणपत्रावरील सगळ्या कराला दोघेही जबाबदार. नवऱ्याने मिळकत लपविली, तर वसुली बायकोकडूनही होऊ शके. काहीच ठाऊक नसलेल्या जोडीदाराला कायद्याने सूट दिली ती १९७१ साली. १९९८ मध्ये ती वाढविली.

तेव्हा कागद घरचा का असेना, वाचल्यावाचून त्यावर अंगठा उठवू नये, हेच खरे.