अंगणातील पानगळ आणि केरसुणी
निजामी अमलात, म्हणजे सप्टेंबर १९४८ पर्यंत, गंगापूर तालुक्याच्या गावगाड्यात ज्या केरसुणीने वाड्यांची अंगणे स्वच्छ होत, ती शिंदीच्या पात्यांपासून घडविण्याचे कौशल्य परंपरेने मातंग समाजाकडे असे, आणि त्याचा मोबदला रोख दामाने नव्हे तर सुगीच्या बलुत्याने मिळे. लक्ष्मीपूजनास तीच केरसुणी हळदकुंकवाने पूजिली जाई, तिच्या निर्मात्यांना मात्र उंबऱ्याबाहेर तिष्ठावे लागे, हा अन्याय मला अक्षम्य वाटतो. अंगणातील कडुनिंबाच्या पानगळीस मात्र केरसुणीऐवजी तुराट्यांचा खराटा लागे. पुढे झाडण्याची साधनेही बदलली: लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली. तिच्यावर चालणारा, तारेवाचून वाऱ्याने पाने लोटणारा ब्लोअर आज विकत मिळतो. कोरडा पाला तो सहज हलवितो, परंतु भिजून जमिनीस चिकटलेल्या पानांना खराटाच हवा.