इंजिनातील धूर व आवाज : जुन्या मोटारीचे दोषनिदान

जुन्या मोटारीच्या सायलेन्सरमधून निघणारा धूर आणि इंजिनातून उमटणारे अपरिचित आवाज यांच्या साक्षीवरून, इंजिन उघडण्यापूर्वीच आतील बिघाडाचे स्थान व स्वरूप ठरविणे, हा मोटारदुरुस्तीचा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा भाग होय. प्रस्तुत नोंदीत कार्ब्युरेटर असलेले पेट्रोल-इंजिन गृहीत धरले आहे. महाराष्ट्रातील वाचकास त्याचा सर्वाधिक परिचित नमुना म्हणजे फियाट ११०० या इटालियन मोटारीवरून कुर्ल्याच्या कारखान्यात पूर्वी तयार होत असलेली प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ही गाडी मुंबईत टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३च्या अखेरपर्यंत धावली आणि हौसेने जतन केलेल्या काही पद्मिनी आजही रस्त्यावर दिसतात. तिचे १०८९ घन सेंटिमीटरांचे, चार सिलिंडरांचे इंजिन रचनेने इतके सरळ आहे, की संगणक व संवेदक यांच्या अभावी मालकाला जे काही समजून घ्यावयाचे ते डोळे, कान आणि नाक यांच्याच द्वारे. आणि लक्षपूर्वक पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यास ही साधने बहुधा पुरतात.

धुराच्या बाबतीत रंगाकडे सर्वांचे लक्ष जाते. तो कोणत्या वेळी निघतो, याची चौकशी मात्र क्वचितच होते. वस्तुतः निदानाचा खरा आधार ही वेळच आहे, आणि निळसर धुराच्या उदाहरणावरून ते स्पष्ट व्हावे. निळसर धूर आणि जळक्या तेलाचा उग्र वास म्हणजे इंजिनाचे ऑइल सिलिंडरात शिरून जळत आहे, एवढे निश्चित. त्यावरून ‘रिंगा गेल्या, बोअर करावे लागेल’ असा निकाल गॅरेजात तत्काळ दिला जातो आणि मालकही तो निमूटपणे मान्य करतो. परंतु ऑइलला सिलिंडरात शिरण्यास दोन वाटा आहेत : खालून, झिजलेल्या पिस्टन-रिंगांच्या कडेने, आणि वरून, सैल झालेल्या व्हॉल्व्ह-गाइडांतून. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताच निळ्या धुराचा एक लोट निघून पुढे धूर थांबत असेल, किंवा खंडाळ्याचा घाट ॲक्सिलरेटरवरील पाय काढून उतरल्यावर पायथ्याशी पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताक्षणी मागे निळा ढग उठत असेल, तर संशय गाइडांवर घ्यावा. कारण उतारावर कार्ब्युरेटरची झडप मिटलेली असल्याने आतील नळीत निर्वात निर्माण होतो आणि तो गाइडांतून ऑइल खेचून घेतो. याउलट चढावर, भार पडल्यावर, सातत्याने धूर येत असेल आणि ऑइल भरण्याचे झाकण उघडताच तेथूनही धुराचे झोत बाहेर पडत असतील, तर दोष रिंगांचा किंवा सिलिंडरच्या झिजेचा आहे. पहिल्या दोषात केवळ हेड उतरवून काम भागते. दुसऱ्यात संपूर्ण इंजिन खाली घ्यावे लागते. या दोन खर्चांतील अंतर ध्यानात घेता, शहानिशा केल्याविना बोअरचा हुकूम देणे हा मालकावर अन्याय होय.

ही शहानिशा कॉम्प्रेशन-गेजने होते. इंजिन गरम करून चारही प्लग काढावेत, कॉइलची तार सोडून ठेवावी, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि प्रत्येक छिद्रावर गेज घट्ट बसवून स्टार्टर फिरवावा. चारही आकडे कागदावर टिपावेत. ज्या सिलिंडरचा आकडा इतरांहून लक्षणीयरीत्या कमी आहे, त्यात चमचाभर ऑइल सोडून चाचणी पुन्हा घ्यावी. ते ऑइल रिंगांभोवती पसरून गळती क्षणभर रोखते. म्हणून आकडा चढला तर कसूर रिंगांची, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्हची समजावी. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचे आकडे एकसारखेच पडलेले असतील, तर त्या दोहोंमधील हेड-गॅस्केट फुटल्याचा संभव मोठा आहे.

पांढऱ्या धुराने मात्र अकारण घाबरण्याचे प्रकार फार होतात. एक लिटर पेट्रोल जळाले असता जवळजवळ तितकेच पाणी निर्माण होते. थंडीच्या दिवसांत सकाळी ते थंड सायलेन्सरमध्ये वाफेच्या रूपाने दिसते आणि इंजिन तापताच अदृश्य होते. तो दोष नव्हे. इंजिन पूर्ण तापल्यानंतरही पांढरे लोट चालू राहिले, रेडिएटरचे पाणी बाहेर कोठे न गळता कमी होऊ लागले, त्यात बुडबुडे दिसू लागले किंवा डिपस्टिकवर दुधाळ, चिकट थर आढळला, तर पाणी गॅस्केटमधून अथवा हेडच्या तड्यातून आत शिरत आहे, असे समजावे. पद्मिनीचे हेड ॲल्युमिनियमचे असल्याने एकदा तापून गाडी बंद पडली की ते वाकण्याची भीती असते, आणि हेडचे फेसिंग न करता, म्हणजे त्याचा पृष्ठभाग सपाट करून न घेता, केवळ नवे गॅस्केट घातल्यास तेही अल्पावधीत फुटते. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये.

काळा धूर हा तुलनेने सौम्य : पेट्रोल अधिक किंवा हवा कमी. अडकलेला चोक, कोंदलेला एअर-फिल्टर, कार्ब्युरेटरमधील फ्लोटची बिघडलेली पातळी, याच क्रमाने तपासावे. प्लगवर कोरडी काजळी असेल तर ती पेट्रोलची, ओलसर तेलकट असेल तर ऑइलची. निरोगी प्लगचे टोक फिकट तपकिरी असते. पीयूसीच्या दाखल्यावर या बाबतीत विसंबू नये, कारण त्या तपासणीत गाडी जागी उभी असतानाचे वायू मोजले जातात, आणि वर वर्णिलेले बहुतेक दोष भार पडल्यावरच प्रकट होतात.

आवाजाच्या परीक्षेत प्रथम त्याची गती ओळखावी. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. म्हणून अर्ध्या गतीने येणारी हलकी, नियमित टिकटिक बहुधा वरच्या भागातील, म्हणजे टॅपेटची असते. व्हॉल्व्ह-कव्हर काढून, इंजिन स्लोवर चालू ठेवून, रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्या मधल्या फटीत फिलर-गेजची पाती एकामागून एक सरकवीत जावे. ज्या ठिकाणी पाती जाताच टिकटिक बंद होते, तेथेच दोष आहे. मॅनिफोल्डचे गॅस्केट गळत असले तरी हुबेहूब असाच आवाज येतो. सांध्यापाशी काजळीचे पट्टे दिसतात, त्यांवरून फरक कळतो.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगणे अवश्य आहे. वाजणाऱ्या टॅपेटपेक्षा, पूर्वी वाजत असून आता आपोआप गप्प झालेला टॅपेट अधिक घातक होय. शिसेयुक्त पेट्रोल देशभरातून २००० साली हद्दपार झाले, हे सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने सर्वथा योग्यच झाले. तथापि व्हॉल्व्हच्या बैठकीला त्या शिशापासून मिळणारे संरक्षणही त्याबरोबर गेले. अ‍ॅम्बॅसडरसारख्या, ओतीव लोखंडाचे हेड असलेल्या इंजिनात बैठक हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह वर चढतो, फट नाहीशी होते आणि आवाज थांबतो. मालक समाधान मानतो, आणि पूर्ण न मिटणारा तो व्हॉल्व्ह इकडे जळत राहतो.

इंजिनाच्या पुढील बाजूची घरघर डायनॅमोची, वॉटर-पंपाची की आतील टायमिंग-चेनची, हे ठरविण्यासाठी फॅन-बेल्ट उतरवून अर्धा मिनिट इंजिन चालवावे. आवाज थांबला तर दोष बाहेरचा. घाट चढताना टॉप गिअरमध्ये येणारी धातूची किणकिण म्हणजे नॉकिंग : गिअर उतरवावा आणि नंतर टायमिंग व साचलेला कार्बन तपासावा. इंजिन थंड असतानाच येऊन तापल्यावर जाणारा पोकळ ठोका झिजलेल्या पिस्टनचा असतो, आणि त्यासह गाडी पुष्कळ काळ चालू शकते.

क्रँकशाफ्टच्या गतीने, भार पडताच वाढणारा जड, खोल ठोका मात्र बिग-एंड बेअरिंगचा समजावा. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक ब्लॉकला टेकवून मूठ कानाशी धरल्यास तो अधिक स्पष्ट ऐकू येतो, आणि संबंधित सिलिंडरच्या प्लगची वायर रबरी मुठीच्या पकडीने काढताच तो मंदावतो. ही व इतर सर्व परीक्षा उघड्यावरच कराव्यात. बंद गॅरेजात चालणाऱ्या इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक असतो. ऑइलच्या दाबाचा दिवा लागून असा ठोका सुरू झाला, तर ‘घरापर्यंत तरी जाऊ’ हा विचार सोडून इंजिन तेथेच बंद करावे आणि गाडी ओढून न्यावी. वेळीच थांबल्यास पुष्कळदा नव्या बेअरिंगवर भागते; चालवीत राहिल्यास क्रँकशाफ्ट खरवडला जातो आणि तो ग्राइंड करून लहान मापाची बेअरिंगे बसविण्याखेरीज गत्यंतर उरत नाही.